गिरगावची चौपाटी : आम्हा चाळकऱ्यांचे अंगण

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत मी काही लिहावे असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी सातवीच्या पुढे शाळा नव्हती आणि खाडी ओलांडून मुलीला शिकायला पाठवावे असे घरच्यांना वाटले नाही. तेव्हा लेखणीपेक्षा लाटणेच हाताला अधिक सवयीचे. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "पाककृती द्यायला पुष्कळजणी आहेत. तू चौपाटीवर लिही. मंडळाची पहिली सभा कुठे झाली, आठवते ना?"

ती सभा मी कशी विसरेन? मी तेव्हा नवी सून होते. चाळीतल्या बायकांचे एक मंडळ असावे असे आठ-दहाजणींच्या मनात आले होते. पण बसायचे कुठे? खोल्या दहा बाय बाराच्या, त्यात घरातली सहा-सात माणसे. गॅलरीत बसावे तर येणाऱ्याजाणाऱ्यांची अडचण. तळमजल्यावरच्या खोलीत पुरुषांचा कॅरम. शेवटी आमच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढी चौपाटी पडली आहे, तिथे कोण आपल्याला उठवणार आहे?" त्याच दिवशी संध्याकाळी स्वयंपाक लवकर आटोपून आम्ही अकराजणी चालत चौपाटीवर गेलो व वाळूवर गोल करून बसलो. प्रत्येकीने दहा रुपये वर्गणी काढली. ते एकशे दहा रुपये सासूबाईंनी पदराच्या गाठीत बांधले आणि मंडळ स्थापन झाले.

ज्या वाळूवर आपण बसलो तिच्यावर आपल्या आधी कोण कोण बसून गेले, हे मला हळूहळू समजत गेले. काही सासूबाईंकडून, काही आजेसासूबाईंकडून, तर काही वाचनालयातल्या पुस्तकांतून. तेच येथे माझ्या कुवतीप्रमाणे सांगते.

चौपाटी हे नाव 'चौ-पाट' म्हणजे पाण्याचे चार पाट यावरून पडले असे सांगतात. जवळचा चर्नी रोड म्हणजे गुरे चारण्याच्या रानाकडचा रस्ता, असेही जुनी माणसे सांगत. आज मोटारींची रांग संपत नाही तिथे कोणे एके काळी गुरे चरत होती, हे आपल्या मुलांना खरे वाटायचे नाही. गिरगावापासून नरिमन पॉइंटाकडे जाणारा मरीन ड्राइव्हचा मोठा रस्ता समुद्रात भराव घालून झाला, तो १९३० ते १९४० च्या सुमाराचा. किनाऱ्याचा केवढा तरी भाग दगडी बांधाआड गेला. मऊ वाळूची ही पट्टी मात्र मलबार टेकडीच्या पायथ्याशी तशीच राहिली.

चौपाटी मोठ्या कामाला आली ती देशाच्या चळवळीत. रौलेट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ रोजी महात्मा गांधींनी उपवास व हरताळ पाळावयास सांगितले. त्या रविवारी सकाळी हजारो लोकांनी चौपाटीवर समुद्रस्नान केले आणि तेथून मिरवणूक शहरात गेली. त्या मिरवणुकीत बायका व मुलेही होती असे गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात मुद्दाम नोंदले आहे. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, लोकमान्य टिळक सरदारगृहात वारले. त्यांना नेहमीच्या स्मशानात न नेता चौपाटीच्या वाळूवर अग्नी दिला. भर पावसात लाखो माणसे जमली होती. जिथे त्यांचा देह ठेवला तिथे आज त्यांचा पुतळा आहे. आपण मुलांना भेळ खायला नेतो, तेव्हा आपण एका थोर पुरुषाच्या चितास्थानाजवळ उभे असतो, हे त्यांना एकदा तरी सांगावे.

यानंतरची हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दांडीयात्रेच्या तुकडीत बायका नव्हत्या. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी गांधीजींना जाऊन सांगितले की, बायकांनाही या कामात घ्या. मुंबईत मिठाचा कायदा ज्या बायकांनी प्रथम मोडला, त्यांत कमलादेवी होत्या आणि आपल्या अवंतिकाबाई गोखलेही होत्या. अवंतिकाबाईंचे लग्न लहानपणीच झाले. त्या शाळेत शिकल्या नव्हत्या. यजमानांनी त्यांना घरी लिहायला-वाचायला शिकवले. पुढे त्या परिचारिकेचे काम शिकल्या, १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारण्यात गेल्या, १९१८ साली त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज काढला आणि त्याच वर्षी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले. त्याला प्रस्तावना लोकमान्यांची होती. सातवी शिकलेल्या माझ्यासारखीला हे वाचून धीर आला, म्हणून तर आज लिहायला बसले आहे.

त्या दिवसांत चौपाटीवर बायका घागरी-कळशा घेऊन येत, समुद्राचे पाणी भरत आणि घरी नेऊन आटवीत. आमच्या आजेसासूबाईंचे माहेरही गिरगावातलेच. त्या वेळी त्या आठ वर्षांच्या होत्या. आईचा पदर धरून, हातात लहानसा तांब्या घेऊन त्याही गेल्या होत्या. त्या सांगत, "माझी आई तोवर नळावर आणि देवळात, या दोनच ठिकाणी एकटी जायची. त्या दिवशी ती घोळक्याबरोबर भर रस्त्याच्या मधून चालली. शिपाई बघत उभे होते. तिने मान खाली घातली नाही." ते पाणी चुलीवर आटवले तेव्हा तळाशी चिमूटभर मातकट मीठ उरले. भाजीत घालावे असे ते नव्हतेच. आईने ते कुंकवाच्या करंड्यात घालून देव्हाऱ्यात ठेवले. आजेसासूबाई हे सांगताना दर वेळी तर्जनी आणि अंगठा जुळवून ते मीठ किती होते, ते दाखवीत.

दुसरी आठवण सासूबाईंची. १९५५ च्या नोव्हेंबरात त्या दहा वर्षांच्या होत्या. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळे गिरगाव पेटले होते. २० नोव्हेंबरला, रविवारी, चौपाटीवर काँग्रेसची सभा झाली. मोरारजी देसाई आणि स. का. पाटील बोलणार होते. पाच हजार वर्षे झाली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळायची नाही, अशा अर्थाचे बोलणे पाटलांच्या तोंडून निघाले आणि सभा उधळली गेली. दगड आले, चपला आल्या. सासूबाई वडिलांचा हात धरून गर्दीतून पळत सुटल्या, तेव्हा त्यांच्या नव्या चपलांपैकी एक वाळूत राहिली. घरी आल्यावर त्या रडू लागल्या. वडील म्हणाले, "रडू नकोस. कोणीतरी उचलून चांगल्या कामाला लावली असेल." सगळी चाळ हसली.

पण दुसऱ्या दिवशी हसणे उरले नाही. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधराजण मेले. सासूबाईंचे वडील रात्री फार उशिरा घरी आले व न जेवता निजले. "त्यानंतर मी चपलेचे नाव काढले नाही," असे सासूबाई म्हणतात. पुढे आंदोलनातल्या हुतात्म्यांची संख्या एकशे सहावर गेली, तेव्हा कुठे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला.

अशा मोठ्या गोष्टी पुस्तकांत सापडतात. पण वर्षाचे बाकीचे दिवस चौपाटी काय करीत होती, ते पुस्तकात कमी सापडते. ते आपणच लिहिले पाहिजे.

भगिनींनो, चाळीत जागा नव्हती म्हणून चौपाटी आपल्या घराचाच एक भाग झाली. मुलगी दाखवायची, पण घरात बोलणे व्हायचे नाही, म्हणून दोन्हीकडची मंडळी चौपाटीवर भेटत. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे असले की भाजी आणायच्या निमित्ताने तिकडून एक फेरी होई. परीक्षेच्या दिवसांत मुले समुद्राकाठी दिव्याखाली वही घेऊन बसत. डोहाळे लागलेल्या सुनेला आंबट-तिखट खाऊ घालायला सासू आपण होऊन भेळेच्या गाडीकडे नेई. आणि ज्या बाईला रडायचे असे, ती पाण्याकडे तोंड करून बसे. मागून कोणाला दिसत नसे. मी स्वतः बसले आहे. वडील वारल्याची तार नव्हे, फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते. त्यांचे चहापाणी आटोपून मी चौपाटीवर गेले आणि तासभर बसले. शेजारी फुगे विकणारी एक बाई होती. तिने काही विचारले नाही, फक्त आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

गणपतीचे तर विचारूच नका. सार्वजनिक गणेशोत्सव गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून आहे. अनंत चतुर्दशीला मोठमोठे गणपती चौपाटीवर येतात. वाळूत गाड्यांची चाके रुतू नयेत म्हणून लोखंडी पत्रे अंथरतात. सासूबाईंना पंचांगावरून भरतीची वेळ सांगता येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास मुंबईला भरती बाराच्या आसपास, दुपारी आणि मध्यरात्री. सहाच्या सुमारास ओहोटी. पुढे रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा. २०२५ साली लालबागचा राजा पौर्णिमेच्या सकाळी चौपाटीवर पोचला आणि भरतीत अडकला. विसर्जनाला रात्र झाली. सासूबाई दूरदर्शन संचासमोर बसून म्हणत होत्या, "राजा झाला तरी समुद्राच्या वेळेने यावे लागते."

समुद्राचा स्वभाव कधी कडकही असतो. २०१३ साली दीड दिवसाच्या विसर्जनाला पाण्यात शिरलेल्या पन्नासाहून अधिक लोकांना पाकट माशांनी डंख मारले.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. आम्हाला प्रथम वाटले, कुठेतरी लग्नाचे फटाके वाजत आहेत. मग कोणीतरी ओरडले, दिवे बंद करा. त्याच रात्री चौपाटीजवळच्या नाकाबंदीत सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. ओंबळे गेले. २००९ साली त्यांना अशोकचक्र मिळाले. ते मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या हातात तेव्हा काठीच होती. तेथे आता त्यांचे स्मारक आहे. मंडळाच्या बायका दरवर्षी तिथे फूल ठेवतात. या कामाला वर्गणी लागत नाही.

हल्ली चौपाटीवर पूर्वीसारख्या राजकीय सभा होत नाहीत. उच्च न्यायालयाने तिच्या वापरावर मर्यादा घातल्या असून गणेशविसर्जन, रामलीला अशा रूढ कार्यक्रमांना वाट ठेवली आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने एक सरकारी कार्यक्रम येथे झाला, त्यात १४ फेब्रुवारीला मंचालाच आग लागली. दैव म्हणून जीवितहानी झाली नाही. २०२० साली साथीत तर चौपाटीच बंद झाली. त्या वर्षी मूर्ती आपल्या हाताने पाण्यात नेता आली नाही, पालिकेच्या माणसांच्या हाती द्यावी लागली. २०२४ साली मलबार टेकडीखालून बोगदा काढून सागरी रस्ता थेट चौपाटीजवळ आणला. मोटारवाल्यांची सोय झाली. पायी येणाऱ्या म्हातारीला तोच रस्ता ओलांडताना किती वेळ उभे राहावे लागते, तेवढे मात्र कोणीतरी मोजायला हवे.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी ती सांगितलेली बरी.

लग्नानंतर चार-पाच वर्षांची गोष्ट. विसर्जनाला आम्ही निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंडाला लाल दोरा बांधून, मूर्तीबरोबर पाण्यात सोडले. गाठ मीच मारली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने हट्ट धरला म्हणून त्याला घेऊन चौपाटीवर गेले. पाहते तो भरतीच्या रेषेवर हात, सोंडा, मुकुट यांचा खच पडलेला. आदल्या संध्याकाळी ज्यांना हात जोडले, त्यांच्याकडे बघवेना. आणि त्या कचऱ्यात माझी पिशवी, माझ्या लाल दोऱ्यासकट. मुलाने विचारले, "आई, बाप्पा गावाला गेला नाही का?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "समुद्र कोणाचे काही ठेवून घेत नाही. आज ना उद्या परत आणून टाकतो."

पुढच्या वर्षी मी शाडूची लहान मूर्ती आणावी आणि घरीच बादलीत विसर्जन करावे असे म्हटले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचे म्हणणे एकच, मग पाटावर वाळू कुठून आणायची? विसर्जनानंतर रिकाम्या पाटावर समुद्रकाठची मूठभर वाळू घरी आणावयाची, ती आरती करून घरात ठेवावयाची, ही आपल्याकडची रीत. ओका पाट घरी आणू नये, असे त्या म्हणत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. मूर्ती बादलीत विरघळवली, ती माती तुळशीला घातली, आणि सासूबाई रिकामा पाट घेऊन माझ्याबरोबर चौपाटीवर आल्या. चिमूटभर वाळू पाटावर घेतली. मग पदर खोचून माझ्याआधी त्यांनीच वाळूतल्या पिशव्या वेचायला सुरुवात केली. त्या दिवसापासून मंडळाच्या बायका विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटाच्या पिशव्या घेऊन जाऊ लागल्या. २०२५ साली सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडाव्यात असा दंडक झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सरकारला जरा उशीर झाला."

आता शेवटचे. आपली चाळ तीन वर्षांपूर्वी पुनर्बांधणीसाठी रिकामी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, कोणी पनवेलला भाड्याने राहते. परत कधी यायचे याच्या तारखा दोनदा बदलल्या. विरारच्या घरी आम्हाला दोन खोल्या आणि स्वतंत्र नळ आहे, तरी सासूबाई संध्याकाळी दाराशी येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "आता भरती असेल, नाही का?" त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. यंदा मी एकटीच विरारची जलद गाडी धरून मुंबई सेंट्रलला उतरले, तेथून धीम्या गाडीने चर्नी रोडला गेले आणि पाटाऐवजी डब्यातून वाळू आणली. सासूबाईंनी ती चिमटीत घेतली. आजेसासूबाई मीठ दाखवीत, अगदी तशीच ती चिमूट.

मला तेव्हा वाटले, चाळ आमची नव्हती, भाड्याचीच होती. नवी जागा मिळेल तेव्हा मिळेल. पण जिला दार नाही, कुलूप नाही, जिथे बसायला तिकीट लागत नाही आणि नाव सांगावे लागत नाही, अशी एकच जागा आपल्या वाट्याला आली आणि ती अजून आहे. आपल्या पणज्यांनी तिथे मान वर करायला शिकले. आपण तिथे मंडळ काढले. ती घाण झाली, किंवा पैसेवाल्यांच्याच सोयीची झाली, तर आपल्या लेकीसुनांनी रडायला आणि सभा भरवायला कुठे जावे?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली व ती मान्य झाली आहे. वर्धापनदिनाचा समारंभ सभागृहात होईलच. पण त्यानंतर पौर्णिमेच्या लगतच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी सर्व सभासदांनी जमावे. वेळ सासूबाईंनी पंचांग पाहून काढली आहे. ओहोटी असेल, वाळू रुंद मिळेल. त्यांना मोटारीने आणायचे आमच्या मुलाने कबूल केले आहे. भाषणे नाहीत. नुसते गोल करून बसायचे, पंचवीस वर्षांपूर्वी बसलो तसे. त्या अकराजणींपैकी सातजणी आता आहेत. इतरांनी जागा भरून काढावी. शेजारणींनाही घेऊन यावे.

येताना पाण्याची बाटली आणावी, आणि जाताना ती परत न्यावी.